आमेनच्या आधी

प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांनी डोळे मिटायचे असतात. पाळकाने मात्र एक डोळा किलकिला ठेवायचा असतो. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, हे कोणी शिकवत नाही. पहिल्याच वर्षी प्रार्थना चालू असताना दारातून कुत्रं आत येतं, प्रभुभोजनाची भाकर पळवतं आणि मग पाळक जन्माचा शहाणा होतो. माझं तसंच झालं. तेव्हापासून लोकांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत मी प्रार्थना करत आलो. त्या उघड्या डोळ्याने एका रविवारी जे पाहिलं, ते निवृत्त होऊन घरी बसलो तरी नजरेसमोरून हलत नाही.

संपादकांनी मला ‘पाळकाच्या नोकरीतल्या गमतीजमती’ लिहायला सांगितलं होतं. गमती आहेत, एकदोन सांगतोही. पण खरं विचाराल तर या नोकरीत मी सगळ्यात जास्त काही केलं असेल तर ते म्हणजे भ्यालो. पाळकाने हे बोलायचं नसतं. ‘भिऊ नका’ असं दुसऱ्यांना सांगण्याचाच तर आम्हाला पगार मिळतो.

ज्यांचा पाळकाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. चर्चच्या लोकांना आम्ही मंडळी म्हणतो आणि त्या मंडळीची राखण करणारा तो पाळक. रविवारचा उपदेश हा त्या कामातला सगळ्यात सोपा भाग. उरलेल्या दिवसांत नवरा-बायकोची भांडणं सोडवायची, दवाखान्यात आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, पोराला शाळेत घ्या म्हणून हेडमास्तरांचे पाय धरायचे आणि मयत झालं की खड्डा नीट खणला की नाही हेसुद्धा बघायचं. साठच्या दशकात मी नगर जिल्ह्यातलं खेडं सोडून कासारवाडीला आलो, तेव्हा स्टेशनच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची मंडळी भरायची. नगर-जालन्याकडची माणसं, बहुतेक पिंपरीच्या नाहीतर भोसरीच्या कुठल्या तरी कंपनीत कामाला. त्यामुळे उपदेशाची वेळ पवित्र शास्त्रापेक्षा कंपनीच्या भोंग्यावर ठरायची. थर्ड शिफ्ट करून आलेले लोक भिंतीला टेकून बसायचे आणि पहिल्या गीतालाच त्यांची मान पडायची. पण सवय अशी, की मी ‘आमेन’ म्हटलं की गाढ झोपलेला माणूससुद्धा दचकून मोठ्याने ‘आमेन’ म्हणायचा. एवढंच काय, प्रार्थनेत मी दम खायला थांबलो तरी कोणीतरी झोपेत ‘आमेन’ म्हणून टाकायचा आणि प्रार्थना मध्येच संपायची. यावर मंडळी पुष्कळ हसायची.

गिऱ्हाइकंही एकेक तऱ्हेची. खंडेनवमीला कंपन्यांतून यंत्रांची पूजा होते. मग आमच्यातले लोक म्हणायचे, पाळकसाहेब, आमच्या मशीनवरही प्रार्थना करा की. एकाच्या भावाचं बोट लेथवर गेलं होतं. त्याने मला नेऊन लेथसमोर उभं केलं आणि म्हणाला, “हिला जरा समजवा साहेब, लई चिडकी हाय.” मी तेलकट लोखंडावर हात ठेवला. तेवढ्यात कोणीतरी खटका दाबला आणि मी असा मागे उडालो, की प्रार्थनेऐवजी तोंडातून भलतंच काहीतरी निघालं. पुढे त्या लेथने कोणाला दुखवलं नाही, याचं श्रेय लोकांनी माझ्या त्या भलत्या शब्दांना दिलं.

अशाच एका प्रार्थनेसाठी याकोबने मला भोसरीला नेलं. याकोब आमच्या मंडळीतला पंच, म्हणजे कारभारी. उंच, अबोल, देवभोळा माणूस. आधी मोठ्या कंपनीत होता, मग नोकरी सोडून त्याने स्वतःचं प्लेटिंगचं वर्कशॉप काढलं. सायकलचे हँडल, दारांच्या मुठी असलं लोखंड त्याच्याकडे यायचं. ते घासून-पुसून एकामागून एक टाक्यांत बुडवायचं आणि चकचकीत करून परत पाठवायचं, एवढं ते काम. त्याची माणसं त्याला ‘आंघोळ घालणं’ म्हणायची.

“सगळीकडं फिरून प्रार्थना करा साहेब,” याकोब म्हणाला, “फक्त त्या डब्याजवळ थांबू नका.”

“का? काय आहे त्यात?”

“अंडी.”

त्याने लांबूनच झाकण उचलून दाखवलं. आत खरोखरच अंड्यांच्या आकाराची पांढरी ढेकळं होती. ते सायनाइड होतं. तांब्याच्या टाकीत लागतं म्हणे. “यातलं एक फुटलं तर आपली अख्खी मंडळी वर,” तो म्हणाला आणि हसला. मीही हसलो, पण एक पाऊल मागे सरून.

“आणि टाकीतलं पाणी कुठं जातं?”

“ते वढ्याला. थोडं थोडं सोडतो. वाहतं पाणी हाय साहेब, जातंय घिऊन.”

वाहतं पाणी घेऊन जातं. माझ्या खेड्यातही असंच म्हणायचे. मी मान डोलावली, प्रार्थना केली आणि बसने घरी आलो. पण बसमध्ये बसल्यावर मनात आलं, की हा ओढा भोसरीहून उतरतो तो आपल्याच कासारवाडीच्या अंगाने पवना नदीकडे जातो. मी खिडकीतून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिलो.

आता आमच्या सुगीच्या उपासनेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दिवाळीच्या आसपासच्या एका रविवारी खेड्यातली मंडळी आपल्या शेतातलं पहिलं पीक देवासमोर आणून ठेवते. बाजरीची कणसं, भोपळे, मेथीच्या जुड्या, कोंबड्या, एखादा बोकड. पाळक त्यावर उपकारस्तुतीची प्रार्थना करतो आणि मग बाहेर झाडाखाली सगळ्याचा लिलाव होतो. या लिलावात लोक एकमेकांना चिडवत, चढाओढीने बोली लावतात आणि घासाघीस न करता एका भोपळ्यासाठी आठवड्याची भाजी होईल एवढे पैसे हसत मोजतात. एक नियम मात्र कडक. प्रार्थनेचं ‘आमेन’ होईपर्यंत त्यातलं काही तोंडात घालायचं नाही. पहिला मान देवाचा. आमेन झालं की लहान मुलांची जी झुंबड उडते ती उडते.

कासारवाडीच्या मंडळीकडे शेती कुठली? तरी लोकांना सण सोडवेना. मग ज्याचं जे पीक ते त्याने आणायचं ठरलं. कोणी शिवणाच्या मशीनवर शिवलेली झबली आणली, कोणी नटबोल्ट. एकाने एवढं मोठं बेअरिंग आणून टेबलावर ठेवलं, तेव्हा मला त्याला कोपऱ्यात घेऊन विचारावं लागलं, “बाबा रे, याचा गेटपास आहे का?” ते बेअरिंग सोमवारी गुपचूप कंपनीत परत गेलं. याकोब दर वर्षी एक हँडल आणायचा. भोपळ्यांच्या मधोमध ते झळकत असायचं आणि त्यात सगळ्या मंडळीचे चेहरे वाकडेतिकडे दिसायचे.

खरी शेती एकटीची होती, सगुणाबाईंची. विधवा बाई, ओढ्याकाठची पट्टी वाट्याने घेऊन मुळा, मेथी, कोथिंबीर काढायच्या आणि पिंपरीच्या बाजारात विकायच्या. मुलगा-सून वारले होते. आठ-नऊ वर्षांची नात एस्तेर, तेवढीच त्यांच्या संसारात. सुगीच्या रविवारी सगुणाबाईंचा तोरा बघण्यासारखा असायचा. आजूबाजूला कंपनीवाले बसलेले आणि टेबलावर हिरवंगार त्यांचं एकटीचं.

त्या वर्षी सुगीच्या आदल्या रविवारी मी साफसफाईवर उपदेश केला. देवापुढे पहिलं फळ आणायचं तर आधी घर साफ करा, दुकान साफ करा, मन साफ करा. साचलेलं, कुजलेलं तळापासून काढून टाका. देवसुद्धा आपली पापं समुद्राच्या तळाशी टाकतो आणि मागे वळून बघत नाही, असं काहीसं. उपदेश चांगला झाला. चांगला झाला की मला कळायचं, कारण थर्ड शिफ्टवालेही जागे असायचे.

मग सुगीचा रविवार आला. सकाळी मी शेडच्या दारात उभा राहून एकेकाला सलाम करत होतो. याकोब आला, हातात नवं हँडल. त्याचे डोळे तांबारलेले होते.

“तुमच्या उपदेशापरमानं केलं साहेब,” तो म्हणाला. “दोन्ही जुन्या टाक्या काढल्या. तळापासनं गाळ काढून धुतल्या. आज पहाटं काम संपलं. आता दुकानात कसं, देव आला तरी बसावा.”

“शाब्बास,” मी म्हणालो.

मागून सगुणाबाई आल्या. डोक्यावर पाटी, आणि एस्तेरच्या हातात दोरी. दोरीला काळा बोकड, शिंगांना झेंडूची माळ.

“उशीर झाला व्हय पाळकसायेब? मुळं धुवायला वढ्यावर थांबलो. बोकडाला बी पाणी दावलं, म्हनलं लिलाव हुईस्तोवर ताजातवाना ऱ्हावा.”

एस्तेरने पांढरा झगा घातला होता. तिने बोकड बाजूच्या दारासमोरच्या लिंबाला बांधला आणि आत न बसता दारातच उभी राहिली, कारण तिचा बोकडावर जीव होता आणि तो आज विकला जाणार होता.

सगुणाबाईंनी रविवारच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात एकेक मुळा दिला. धुऊन पांढराशुभ्र, हिरव्या पाल्यासकट. मुलं तो उंच धरून गात गात पुढे आली, टेबलाला वळसा घालून समोर जमिनीवर बसली. आमेन झालं की मुळा ज्याचा त्याला, असं ठरलेलं होतं. मी हात वर केले, सगळ्यांनी डोळे मिटले आणि मी प्रार्थना सुरू केली.

बाजूच्या दारातून मला बोकड दिसत होता. आधी तो जागच्या जागी फिरला. मग त्याचे पुढचे पाय दुमडले, जणू तोही प्रार्थनेला गुडघे टेकतोय. मला हसूच आलं. मग तो कुशीवर पडला आणि पाय झाडायला लागला. तोंडाला फेस आला. एस्तेरने दोरी ओढली. बोकड ताठ झाला आणि मग निपचित पडला. त्याला आवाजसुद्धा करता आला नाही.

मी तोंडाने पावसाबद्दल देवाचे आभार मानत होतो. मनात आलं, साप चावला असेल. आणि त्याच क्षणी दारातली तिन्ही बोलणी एकत्र आली. टाक्या धुतल्या. मुळं वढ्यावर धुतलं. बोकडाला पाणी दावलं. माझ्या समोर जमिनीवर मुलांची रांग होती. डोळे मिटलेले, मुळे ओठांना टेकवून तयार. ती माझ्या एका शब्दाची वाट बघत होती.

अशी भीती मला त्याआधी माहीत नव्हती. ओरडायला हवं होतं, पण ओरडणं येईना. जीभ फक्त प्रार्थनाच करत होती. आणि थांबायची सोय नव्हती. दम खायला थांबलो, की भिंतीशी झोपलेला कोणीतरी ‘आमेन’ म्हणणार. ते ऐकलं की मुलं मुळे चावणार. मी कशाकशाबद्दल आभार मानले देव जाणे. रेल्वेबद्दल मानले, पत्र्यांबद्दल मानले. मग एकदम तोंडातून निघालं, “हे बापा, या लेकरांनी आपल्या हातातले मुळे खाली जमिनीवर ठेवावेत असं कर. एकानेही मुळा तोंडाला लावू नये असं कर. त्यांनी हात तोंडात घालू नयेत असं कर. सुलोचनेने डोळे उघडावेत आणि बाहेर बघावं असं कर.”

सुलोचना म्हणजे माझी बायको. दवाखान्यात नर्स होती. तिने डोळे उघडले, दाराबाहेर पाहिलं आणि पदर खोचून उठली. एकेका मुलाच्या हातातून ती मुळे काढून घ्यायला लागली. मुलांना वाटलं हाही प्रार्थनेचाच भाग. मी बोलत राहिलो. शेवटचा मुळा तिच्या ओच्यात पडला तेव्हा मी हात खाली सोडले. आमेन म्हटलंच नाही. मंडळी डोळे मिटून वाट बघत बसली होती.

“डोळे उघडा,” मी म्हणालो. “कोणी कशाला हात लावू नका. बोकड मेलाय.”

याकोबला समजायला वेळ लागला नाही. मी त्याच्याकडे पाहत होतो. त्याने बाहेर पाहिलं, टेबलावरच्या भाजीकडे पाहिलं आणि खाली बसला. कोणीतरी सापाचं बोलत होतं.

“साप न्हाई,” तो बसल्या बसल्या म्हणाला. “माझं पाणी हाय.”

एस्तेर दारातून आत आली. “आजी, त्यो उठंना,” ती म्हणाली. सुलोचनाने तिला धरलं आणि विचारलं, “तू प्यालीस का गं ओढ्याचं पाणी?” पोरगी बोलेना. तिला वाटलं बोकड मेल्याचा आळ आपल्यावर येणार. “बाळा, प्यालीस का? एक घोट तरी?” एस्तेरचे डोळे फिरले आणि ती सुलोचनाच्या अंगावर कोसळली. सगुणाबाईंनी जी किंकाळी फोडली, ती ऐकून मंडळीतल्या बाया आपापली पोरं पोटाशी धरून मागे सरकल्या.

याकोबचा तीनचाकी टेम्पो बाहेर उभा होता. त्याने पोरीला उचललं, सुलोचना आणि सगुणाबाई मागे चढल्या आणि टेम्पो गेला. मला जाता आलं नाही. शेडमध्ये सगळी मंडळी होती आणि प्रत्येक आई आपल्या पोराचं तोंड उघडून आत बघत होती. “खाल्लास का रं? खरं सांग, चावलास का?” मुलं रडत होती. रडणारं पोर जरा गप्प झालं की आई त्याला हलवून पुन्हा रडवत होती. कोणी घरी जाईना. माणसं लिलावासाठी आली होती आणि आता एकमेकांच्या मुलांचे श्वास ऐकत बसली होती. भोपळ्यांमधल्या त्या हँडलमध्ये आम्ही सगळे वाकडेतिकडे दिसत होतो. शेवटी मी त्याच्यावर माझा रुमाल टाकला.

दुपार कलली तेव्हा टेम्पोचा आवाज आला. याकोब एकटाच उतरला. त्याच्या तोंडावरून मला काही वाचता येईना आणि विचारायचं धाडस होईना. मेलेल्यांच्या घरी जाऊन कितीदा तरी बोललेला मी, पण त्या वेळी टेम्पोतून अजून कोणी उतरतंय का, एवढंच बघत राहिलो.

“हाय,” तो म्हणाला. “पोरगी हाय. प्याली न्हवती. वंजळ भरली व्हती, पर बोकडानं हिसका दिला आन् पाणी झग्यावर सांडलं. भेदरून पडली व्हती. उद्याच्याला सोडतील.”

शेडमध्ये बाया रडायला लागल्या. मीही रडलो. याकोब मात्र तिथेच उभा.

“साहेब, तुमी म्हणाला व्हता, साचल्यालं तळापासनं काढून टाका.”

“हो.”

“कुठं टाकायचं, ते न्हाई सांगितलं तुमी.”

तो भांडत नव्हता. खरंच विचारत होता. सेमिनरीत मी पाप म्हणजे काय, क्षमा म्हणजे काय, यावर रात्री जागून वाद घातले होते. टाकलेलं कुठे जातं आणि तिथे कोण राहतं, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. समुद्राच्या तळाशीसुद्धा काहीतरी जगत असेलच ना.

त्या संध्याकाळी ते मुळे, ती भाजी आणि बोकड यांचं काय करायचं हा पेच पडला. देवापुढे ठेवलेलं फेकत नाहीत. आणि फेकायचं म्हटलं तरी कुठे? उकिरड्यावर गाई येतात, ओढ्याला आमची हिंमत नव्हती, शेडमागे विहीर होती. पाटी हातात धरून मी चारी दिशांना पाहिलं, पण टाकायला जागाच सापडेना. शेवटी याकोबने सगळं टेम्पोत भरलं आणि आपल्याच दुकानाच्या आवारात खोल खड्डा करून, वर चुना टाकून पुरलं. त्या मुळ्यांवर खरोखर किती विष होतं, ते कोणी तपासलं नाही. कदाचित काहीच झालं नसतं. हे ‘कदाचित’ माझ्या छातीवर अजून बसलेलं आहे.

पुढे मी उपदेशातून ओढ्याबद्दल बोलू लागलो. देवाने माणसाला आधी सृष्टीवर सत्ता दिली हे आम्ही पाठ केलं होतं, पण त्याला पहिल्या बागेत ठेवलं ते मशागतीला आणि राखणीला, हे सोयीने विसरलो होतो. पाळक म्हणजे राखण करणारा, तर मग फक्त माणसांचीच का, असं मी म्हणायचो. वरिष्ठांपर्यंत गोष्ट गेली. एक वडीलधारे गृहस्थ समजूत घालायला आले. चहा पीत म्हणाले, “पाळकांनी आत्म्याचं बघावं. गटाराचं सरकार बघेल.” मी विचारलं, “साहेब, हा चहा कुठल्या पाण्याचा आहे?” त्यांनी कप खाली ठेवला. नंतर माझी बढती राहिली ती राहिलीच.

याकोबने सिमेंटचे खड्डे बांधले. पाणी ओढ्यात सोडण्याआधी त्यात चुना आणि ब्लीचिंग पावडर टाकून मुरवायला शिकला. शेजारचे कारखानदार त्याला वेडा म्हणायचे. नुकसान मात्र झालं ते सगुणाबाईंचं. त्या दिवसानंतर त्यांची भाजी कोणी घेईना. त्यांचा काय दोष होता? पट्टी सुटली. शेवटी त्या याकोबच्याच दुकानात हँडल पुसायला लागल्या, कारण दुसरं काम मिळेना. मी पाळक असून त्यांना दुसरं काही मिळवून देऊ शकलो नाही, याची खंत आहे.

दुसऱ्या वर्षी सुगी जवळ आली तसा याकोब माझ्याकडे आला. “साहेब, मला माझाच भरवसा न्हाई. आमच्या गावाकडं विहिरीत मासं सोडायचे, पाणी चांगलं हाय का बगायला. तसं करू.” तेव्हापासून आमच्या सुगीच्या टेबलावर हँडलच्या जागी लोणच्याची काचेची बरणी येऊ लागली. त्याच सकाळी त्याच्या दुकानाखालून भरलेलं ओढ्याचं पाणी, आणि त्यात विहिरीतले दोन-तीन छोटे मासे. प्रार्थना करताना माझा उघडा डोळा त्या बरणीवर असायचा. मासे फिरताना दिसले की मी आमेन म्हणायचो. मंडळी चेष्टा करायची, ‘साहेब आमेन माशांना विचारून म्हणतात’. मी कधी नाही म्हटलं नाही.

वर्षं गेली. ओढ्याच्या वरच्या अंगाला शेडी वाढत गेल्या, चिखलीच्या बाजूलाही वर्कशॉपं निघू लागली. याकोबचं पाणी चांगलं होतं, पण वरून काय येतं हे कोणालाच सांगता येईना. भाजीही आता बाजारातून यायची. ती कुठल्या पाण्यावर वाढली, कोण विचारणार?

ऐंशीनंतरच्या एका सुगीला माझी निवृत्ती ठरली होती. ती शेवटची उपासना. सगुणाबाई आता नव्हत्या. एस्तेर मोठी झाली होती, चिंचवडला दिली होती. ती पुढच्या रांगेत मांडीवर आपलं मूल घेऊन बसली होती आणि मुलाच्या मुठीत सोललेली काकडी होती. म्हाताऱ्या याकोबने बरणी आणून ठेवली. सकाळी मासे फिरत होते.

मी प्रार्थना सुरू केली. इतक्या वर्षांचे आभार होते, वेळ लागणारच होता. आणि प्रार्थना निम्म्यावर असताना एक मासा आडवा होऊन वर आला. मग दुसरा. मी बोलत राहिलो. वाटलं, हलेल. तिसरा थोडा वेळ तळाशी तोंड उघडत-मिटत होता, मग तोही वर आला. याकोबने डोळे मिटलेले होते. ज्याने हे पाणी सोडलं, तो तिथे नव्हता. त्याचं नावही आम्हाला माहीत नव्हतं.

मी कुणाकुणाची नावं घेत राहिलो. लोक चुळबुळायला लागले. शेवटी एस्तेरने डोळे उघडले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बरणीकडे. तिने मुलाची मूठ उघडली आणि काकडी काढून घेतली. पोर भोकाड पसरून रडायला लागलं.

मी खाली उतरून पायरीवर बसलो. भिंतीशी झोपेत असलेला एक जण दचकून ‘आमेन’ म्हणाला, पण त्याच्या मागून कोणीही म्हटलं नाही. मीही नाही. ती प्रार्थना माझ्याकडे अजून तशीच आहे.